वरचढ म्हणजे?

शनिवार, ८ नोव्हेंबर. दुपारी चार. द्वारका, तुमच्या सोसायटीचा कम्युनिटी हॉल. तुझी स्मरणसभा.

उपस्थित: रूथ आणि तुमची नेहा. रूथचे भाऊ, नगरहून आलेले. पास्टर आणि चर्चमधली सहा-सात माणसं. तुझ्या नोएडाच्या ऑफिसमधले चौघे. आमच्या गुडगावच्या ऑफिसमधून मी, निवृत्त झालेले भल्ला साहेब आणि नव्यांपैकी दोघं. शिवाय मानेसरच्या कारखान्यातले रामफल. एक बस आणि दोन शेअर ऑटो बदलून आले आणि शेवटच्या रांगेत, टोकाच्या खुर्चीवर बसले.

अनुपस्थित: तू. ही ओळ वाचून तू हसला असतास. म्हणाला असतास, "ताई यार, हे पण लिहिलंस?"

मी बोलायला सात मुद्दे लिहून नेले होते, आनंद. सहा बोलले. सातवा आला तेव्हा कागदाची घडी घातली आणि खाली बसले. आज रविवार आहे. सातवा मुद्दा इथे लिहिते आहे, कारण तुझ्यासमोर तो कधी मांडलाच नाही.

सुरुवात त्या वहीपासून करते. गुडगावात तेव्हा काचेच्या इमारती एकेक करून उभ्या राहत होत्या, मध्येच मोहरीची शेतं होती, मेट्रोचं नावही नव्हतं. मी पुण्याहून बदलून आले होते. दुसऱ्याच आठवड्यात फोनवर कोणालातरी मराठीत झापत होते, आणि तू मागे येऊन उभा राहिलास. हातात चहा. म्हणालास, "तू मराठी? मी पण. पण माझी मराठी थोडी टूटी-फूटी आहे हं." आणि बोलता बोलता कप कलंडला. "सॉरी, चहा गिरला."

"सांडला," मी म्हणाले.

"हां, तोच. सांडला."

त्या दिवसापासून वहीच्या शेवटच्या पानावर मी तुझ्या शब्दांची यादी ठेवली. गिरला: सांडला. भटकलो: चुकलो. पाचवीपर्यंत पहाडगंजची मराठी शाळा, पुढे सगळं हिंदी-इंग्रजी. घर रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, शेजारी कोणी पंजाबी, कोणी बंगाली. तुला मराठी आली हेच खूप होतं. पण मी दुरुस्त करत राहिले आणि तू न चिडता दुरुस्त होत राहिलास. यादी दोन पानं झाली. त्यात ‘वरचढ’ हा शब्द नाही. तू तो कधी चुकीचा बोललाच नाहीस. बोलला नाहीस म्हणजे तुला येतो, असं मी धरून चालले.

मग ते टूल आलं. सगळ्या मशीनची सेटिंग एका जागेवरून लावणारं. तू एकदा घरी रूथला ते समजावत होतास, मी जेवायला आले होते.

"समज, घरात जेवायचं किती वाजता? आजोबा बोलले सात. बाबा बोलले आठ. आई बोलली नऊ. किसका चलेगा?"

रूथ पोळ्या लाटत होती. "स्वयंपाक कोण करतंय?"

"आई."

"मग आईचं चालेल. हे विचारायला इंजिनिअर कशाला लागतो?"

"बिल्कुल! ह्यालाच प्रिसिडन्स बोलतात. एकच नाव, तीन फाइलींमध्ये तीन वेगळ्या किमती, म्हणजे व्हॅल्यू. कोणाची चालणार, ते आधी टेस्ट करून बघायचं. नाहीतर सगळं घर उपाशी."

दुसऱ्या दिवशी तू खरोखरच तसं केलंस. सगळ्यांसाठी असलेल्या सामाईक फाइलीत किंमत टाकलीस ‘आजोबा’. मानेसरच्या गटाच्या फाइलीत ‘बाबा’. एका मशीनच्या स्वतःच्या फाइलीत ‘आई’. रोमन अक्षरांत. बटण दाबलंस, स्क्रीनवर ‘आई’ आलं, आणि ज्यांना मराठीचा म सुद्धा माहीत नव्हता ते सगळे ओरडले, "आई जीत गई!" इतकी स्वच्छ चाचणी मी आधी पाहिली नव्हती, नंतरही फार थोड्या पाहिल्या. हे मी काल बोलले. मुद्दा क्रमांक दोन.

काल जे बोलले नाही ते असं.

टूलची नवी आवृत्ती आली. तिच्यात फाइलींचा क्रम आपणच लिहून द्यायचा होता. टूल वरून खाली वाचत जाणार. तेच नाव पुन्हा भेटलं की आधीची किंमत टाकून नवी धरणार. म्हणजे सर्वांत खाली असेल तिचं चालणार. मानेसरच्या कारखान्यात बारा फाटकांवर बारा मशीन होती, कामगारांची कार्डं वाचणारी. प्रत्येक मशीनला स्वतःचा फाटक क्रमांक माहीत असायला हवा होता. तो तिच्या स्वतःच्या फाइलीत होता. सामाईक फाइलीत त्याच नावापुढे गुडगावच्या मुख्य ऑफिसचा क्रमांक होता.

चाचणीचा तक्ता मी बनवला. हाताने, मराठीत, कारण घाई होती आणि वाचणारे आपण दोघंच होतो. बारा ओळी, बारा फाटकं. ‘अपेक्षित’ या रकान्यात बाराही वेळा एकच वाक्य: ‘मशीनची फाइल वरचढ.’

शुक्रवारी दुपारी तू माझ्या टेबलाशी आलास. मी मानेसरशी फोनवर बोलत होते, रिसीव्हर खांद्यात धरून.

"ताई, स्क्रीनवर आजोबा येतायत."

मी हसले. मला वाटलं तू गंमत करतोयस. "येऊ देत की आजोबांना."

"नाही, म्हणजे, चलेगा? मागच्या वेळी आई होती."

"कागदावर लिहिलंय तसं लावलंस ना?"

"हो. मशीनवाली वरचढ. बाराही."

"मग झालं. टिक कर आणि दे."

तू टिक केलंस आणि दिलंस. बारा टिक. मी कागदावर सही करून तो तुला परत दिला. माझं कसं आहे तुला ठाऊक आहे: बारा ओळी, बारा टिक, विषय संपला. टिकच्या शेजारी काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. तुझ्या अक्षरात, पेन्सिलने, बाराही ओळींपुढे लिहिलेलं होतं: ‘सबसे ऊपर रखी.’

सोमवारी सकाळी तू मानेसरला फाटकावर होतास आणि मी गुडगावला. जून होता. सातच्या पाळीच्या चार बस आल्या, शेअर ऑटो आले, आणि बारा मशीनपैकी एकही मशीन एकही कार्ड ओळखेना. बाराच्या बारांना वाटत होतं की आपण गुडगावचं मुख्य ऑफिस आहोत. फाटकं बंद. आठ वाजता तुझा फोन आला तेव्हा मागे माणसांचा आवाज येत होता.

"ताई, कोई अंदर नहीं जा पा रहा. गार्ड उघडू देत नाही. बोलतो, मशीन बोलेगी तो खोलूंगा."

मी तोवर स्क्रीनवर क्रम काढला होता. "आनंद, तू उलटं लावलंयस! मशीनची फाइल खाली पाहिजे."

"खाली?"

"हो, खाली!"

"पण तू तर वरचढ लिहिलं आहेस."

"वरचढच लिहिलंय! वरचढच पाहिजे!"

"तर मग खाली कसं, ताई?"

"अरे, वरचढ व्हायला खालीच ठेवावी लागते!"

"यार, तू ठीक आहेस ना?"

एकच शब्द आपण दोघं एकमेकांच्या अंगावर फेकत होतो. मी फोन आपटला आणि क्रम उलटा केला. पण बारा मशीननी तो उचलायला चाळीस मिनिटं घेतली. तेवढ्या वेळात तू गार्डचं रजिस्टर ओढून घेतलंस आणि रांगेतल्या प्रत्येकाचं नाव, वडिलांचं नाव, आल्याची वेळ हाताने लिहीत सुटलास, कोणाची गैरहजेरी लागू नये म्हणून. रांग उन्हात होती. रजिस्टरचं चौथं पान भरत असताना रांगेतला एक माणूस कोसळला. तू त्याला उचलून दवाखान्यात नेलंस. तो रामफल.

संध्याकाळपर्यंत ते उठून बसले.

मंगळवारी भल्ला साहेबांच्या केबिनमध्ये आपण दोघं. तो तक्ता तुझ्या शर्टाच्या खिशात होता, घडीची कड बाहेर दिसत होती. मला ती दिसत होती.

"किसने लगाया?"

"मैंने, सर."

"किसके कहने पर?"

पंखा फिरत होता. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मी वाट पाहत होते की तू तो कागद काढशील आणि मी म्हणेन, बघा, स्वच्छ लिहिलंय, वरचढ. खरंच, आनंद, त्या क्षणी माझी खात्री होती की चूक तुझी आहे. म्हणून तर मला घाम फुटत नव्हता.

"मैंने उल्टा पढ़ लिया," तू म्हणालास.

"कुंदा जी, आपने चेक किया था?"

"सर, बारह के बारह टिक थे."

हे वाक्य खरं होतं. तेवढं एकच म्हणून मी गप्प बसले.

अहवालात ओळ आली: ‘कारण: ए. उजागरे यांनी क्रम उलटा वाचला.’ तुला फाटकांच्या कामावरून काढलं. दोन वर्षं तू पासवर्ड विसरलेल्या लोकांचे फोन घेत बसलास.

आता त्या आमटीविषयी. जेवणाची सुट्टी, दिवाळीनंतरचे दिवस, गच्चीवर ऊन. तू तुझा डबा माझ्यापुढे सरकवलास, तुझी नेहमीची सवय. मी एक घोट घेतला आणि म्हणाले, "रूथची आमटी माझ्या आमटीपेक्षा वरचढ आहे रे."

तू डब्यात वाकून बघितलंस. "कुठे? वर काय चढलंय? ही तरी?"

मी खूप हसले. "तरी नाही रे. वरचढ."

"हां, म्हणजे? वर चढलेली ना? ऊपर वाली?"

"नाही! वरचढ म्हणजे भारी. दुसऱ्याला मागे टाकणारी. जिंकते ती."

"जिंकते?"

तू चमचा खाली ठेवलास. मीही थांबले. मधल्या चार महिन्यांचा हिशोब आपण दोघांनी एकाच वेळी केला, एकमेकांसमोर. तुझ्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. तू फक्त म्हणालास, "अच्छा."

मग चमचा पुन्हा उचलून, "आमच्या शाळेत मराठी पाचवीपर्यंतच होती, ताई."

ती जागा होती. तिथे मला उठून तुझ्याबरोबर खाली भल्ला साहेबांकडे जाता आलं असतं. दोन जिने होते. मी म्हणाले, "दही घे."

तू दही घेतलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर एक कोरा तक्ता होता. तुझं अक्षर. ‘अपेक्षित’ हा रकाना तू काढून टाकला होतास. त्याच्या जागी दोन: ‘स्क्रीनवर काय दिसलं पाहिजे?’ आणि ‘काय दिसलं?’ खाली टीप, अर्धी मराठी अर्धी हिंदी: ‘शब्द नको, किंमत लिहायची. आई लिहायचं, आई की तारीफ नहीं.’ बाकी काही नाही. तू त्यावर कधी बोलला नाहीस, मीही विचारलं नाही. तो तक्ता मी वापरायला घेतला. आजही आमच्याकडे तोच चालतो. त्याला सगळे ‘कुंदा मॅम का फॉर्म’ म्हणतात. मी त्यांना कधी थांबवलं नाही.

त्या तक्त्याने मला किती वेळा वाचवलंय ते मोजलेलं नाही, आणि मी न मोजलेल्या गोष्टी थोड्याच आहेत. आपलं एक भांडण मात्र राहूनच गेलं. माझं म्हणणं होतं की कागद नीट असला की माणूस चुकत नाही. तुझं म्हणणं, "ताई, कागज़ नहीं पूछता. आदमी पूछता है. पूछे तो सुन लेना." हे तू नोएडाला जायच्या दिवशी म्हणालास, खोका उचलताना, हसत हसत. मी उत्तर तयार करत होते तोवर लिफ्ट बंद झाली.

त्यानंतर कितीतरी वेळा भेटलो. नेहाची दहावी, रूथचं ऑपरेशन, नाताळचा केक. तुझी एक सवय होती: आल्या आल्या माझी पर्स उघडून त्या दिवसाची यादी वाचायची आणि त्यात एक खोटा मुद्दा घालायचा. ‘आनंदला समोसे खिलाना.’ तू याद्या वाचायचास म्हणूनच मी ‘वरचढ’ कधी यादीत लिहिलं नाही. आणि जे यादीत नसतं ते माझ्याकडून होत नाही. हे सबब म्हणून सांगत नाही, असं झालं एवढंच सांगते.

शेवटच्या महिन्यात, बिछान्यावर, तूच विषय काढलास. "ताई, तो फाटकावाला माणूस. रामफल. आता रिटायर व्हायला आला असेल, नाही? मी त्याला उन्हात उभं केलं होतं." मी म्हणाले, जुनं कशाला काढतोस. रूथ चहा घेऊन आली. तू भिंतीकडे वळलास आणि म्हणालास, "चलो." एवढंच. ‘मी उभं केलं होतं.’ इतक्या वर्षांनीही ‘मी’. आणि मी तुझी चादर सारखी केली.

काल पहिल्यांदा यादीत लिहिलं. मुद्दा सात: शब्द माझा होता. तू विचारायला आला होतास. सहावा मुद्दा संपवून मी श्वास घेतला, तेवढ्यात मागून रामफल उठले. त्यांना बसची घाई होती, आधी बोलू का म्हणाले.

"मैं तो बस इतना कहने आया," ते म्हणाले. "उस दिन साहब ने मेरा नाम अपने हाथ से लिक्खा था. बाप का नाम भी पूछ्या. मशीन ने तो कभी ना पूछ्या."

ते बसले नाहीत. हात जोडून तसेच निघाले. त्यांच्यानंतर आमच्या ऑफिसमधल्या नव्यांपैकी एक मुलगी उभी राहिली. तुला तिने पाहिलेलंही नाही. चांगल्या मनाने बोलली. म्हणाली, "सर से कभी मिली नहीं, पर सर का नाम हम रोज़ लेते हैं. कोई फाइल का ऑर्डर उल्टा लगा दे तो सब बोलते हैं, अरे, उजागरे मत कर देना!"

काहीजण हसले. भल्ला साहेबही हसले. काठीवर हनुवटी टेकवून बसलेले भल्ला साहेब, ज्यांना त्या दिवशी तीन प्रश्नांपुढे चौथा विचारायचं सुचलं नाही. नेहा हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. तुझंच बघणं आहे तिचं, प्रश्न आधी डोळ्यांत येतो.

मी कागदाची घडी घातली.

खुर्च्या आवरताना तिने मला गाठलं. "कुंदामावशी, उजागरे करणं म्हणजे?"

‘वरचढ म्हणजे?’ तू ज्या सुरात विचारलं होतंस, त्याच सुरात. तुझी मुलगी दिल्लीत वाढली, तिला तुझ्याहून कमी मराठी येते, पण शब्दाचा अर्थ लागला नाही तर ती विचारते. तुम्ही दोघंही विचारता.

मी म्हणाले, "सांगते. नंतर सांगते, हां?"

ती म्हणाली, "बाबांचंच नाव आहे ना ते?" आणि खुर्च्या रचायला गेली.

आज सकाळी तो जुना अहवाल काढला. नव्या लोकांना शिकवताना पहिल्या दिवशी तोच वाचायला देतात, आणि शिकवण्याचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे तुझं नाव दरवर्षी त्यांच्या तोंडी मीच घालते आहे. बदल करायचा अधिकारही माझाच आहे. कोणाची परवानगी लागत नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. टूलचा नियम तुला सांगायला नको. आधी काय वाचलं ते राहत नाही, सर्वांत शेवटी जे वाचलं जातं ते धरलं जातं.

उद्याची यादी तुझ्या तक्त्यावर केली आहे. दोन ओळी.

पहिली, अहवाल. ‘स्क्रीनवर काय दिसलं पाहिजे?’ या रकान्यात लिहिलं: ‘कारण: कुंदा देव यांनी चाचणीच्या तक्त्यात चुकीचा शब्द वापरला. आनंद उजागरे विचारायला आले होते, तेव्हा ऐकलं नाही.’ तारीफ नाही. किंमत लिहिली आहे.

दुसरी, नेहा. तिथे लिहिलं: ‘उजागरे करणं म्हणजे काय, ते तिला कळलेलं.’ फोन समोर आहे. अकरापासून दोनदा उचलून ठेवला.

‘काय दिसलं?’ हा रकाना दोन्ही ओळींपुढे कोरा आहे.